टेपचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे.

सगळे असंच म्हणतात, माहितेय मला. मीही या पेजवरच्या कितीतरी गोष्टी वाचून "काहीही हं" म्हणत पुढे सरकलेय. पण ही माझ्या सख्ख्या मावसबहिणीची आहे, पंकजाची. तिने मला ती आमच्या गच्चीवर बसून एका दमात सांगितली आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पाऊस नाही, लाईट गेलेली नाही.

गुरुवार होता. गेल्या फेब्रुवारीतला. दुपारचे साडेबारा.

श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या बाजूचं गाव. गावाला आपण सांगवी म्हणू. जिल्ह्यात सांगव्या भरपूर आहेत, त्यातली कुठली ते शोधत बसू नका.

सांगवीत महादेवाचं जुनं देऊळ आहे. काळ्या दगडाचं. चुना नाही, माती नाही, दगडात दगड अडकवून उभं केलेलं. बारा खांबांचा मंडप, मग एक अरुंद अंधारी जागा, तिला अंतराळ म्हणतात, आणि तीन पायऱ्या उतरून गाभारा.

या देवळाला एक खोड आहे.

महादेवाच्या कुठल्याही देवळात आपण काय करतो? नंदीच्या शिंगांवर अंगठा आणि बोट टेकवतो आणि मधल्या फटीतून आत बघतो. समोर पिंडी दिसते.

सांगवीत दिसत नाही.

सांगवीत दिसते गाभाऱ्याच्या दाराची डावी चौकट. नुसता काळा दगड. दार नंदीच्या समोर नाहीच, उजवीकडे सरकलेलं आहे. कुणी स्टँडवर चुकीच्या बाजूला तोंड करून एसटीची वाट बघत असला, की आजूबाजूच्या गावांतली माणसं म्हणतात, "सांगवीचा नंदी हाय ह्यो."

तर पंकजाच्या शाळेतल्या लीना मॅडमनी नववीच्या वर्गाला काम दिलं. विषय : आपल्या देवळाचा मूळ आराखडा. मापं घ्यायची, चार्ट काढायचा. सगळ्यांत चांगला एकच चार्ट नगरच्या प्रदर्शनाला जाणार आणि तो काढणारी एकच मुलगी.

पंकजाला जायचंच होतं.

ती कधीच कुठे गेली नव्हती. प्रत्येक वेळी मैत्रेयी जायची. निबंधाला मैत्रेयी, रांगोळीला मैत्रेयी, सूत्रसंचालनाला मैत्रेयी. मैत्रेयीचे वडील श्रीगोंद्याला कॉलेजात शिकवतात. तिच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे आणि रंगांच्या पेट्या. पंकजाच्या घरी चार गायी आणि दारापर्यंत ऊस. शाळेत येण्याआधी ती धारा काढते आणि दप्तराला दुधाचा वास येतो, असं तिला कायम वाटायचं.

मैत्रेयी वाईट मुलगी असती तर सोपं झालं असतं. ती चांगली होती. डब्यातलं अर्धं द्यायची. बालवाडीपासून दोघींचं सूत जमलेलं.

पण या वेळी पंकजाला एक गोष्ट सापडली होती. मापं तिला जमत होती. मैत्रेयीला जमत नव्हती. पहिल्यांदाच.

रविवारी दोघी शाळेतला टेप घेऊन देवळात गेल्या. लांब उडीच्या वेळी वापरतात ना, तो गोल डबीतला, हँडल फिरवून गुंडाळायचा. मैत्रेयीने टोक धरायचं, पंकजाने डबी घेऊन यायचं, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा.

"धरलं का?"

"धरलं."

"सोड."

दिवसभर हेच चाललं होतं. धरलं का, धरलं, सोड.

बारा खांब. प्रत्येक दोन खांबांतलं अंतर सहा फूट दोन इंच. सगळीकडे. एका सुताचा फरक नाही. पंकजा तर वेडीच झाली. यंत्र नाही, टेप नाही, नुसती ताणलेली दोरी आणि छिन्नी. त्याच्यावर एवढं अचूक?

"मग दार कसं चुकलं यांचं?" ती म्हणाली.

"डुलकी लागली असेल त्यांना," मैत्रेयी अंतराळातून ओरडली. "तुझ्यासारखी. गणिताच्या तासाला."

"गप. टोक धर नीट."

कडूबाई मंडप झाडत होती. गुरवाघरची म्हातारी, देवळाची झाडलोट तिच्याकडेच. ती कंबरेवर हात ठेवून टेपकडे बघत राहिली.

"दोघी हायत ना? मंग घ्या मापं. एकटीनं कदी घिऊ नका हितं."

"का गं, आजी?"

"दुसरं टोक धराया मानूस लागतं. न्हाई आनलं, तर..."

तिने खराटा उचलला.

"...तर लागतंच की मानूस. तुमी आपल्या दोघी येत जा."

पोरी हसल्या. शेवटचं माप राहिलं होतं. अंतराळाची रुंदी नऊ फूट. दक्षिणेच्या भिंतीपासून दाराच्या मध्यापर्यंत पाच फूट तीन इंच. मैत्रेयीने उंबऱ्यावर खडूने फुली मारली, म्हणजे मध्य चुकायला नको. पंकजाने आकडा लिहिला आणि वही मिटली.

सोमवारी दोघी मॅडमना वही दाखवायला गेल्या. मॅडम पानं उलटत म्हणाल्या, "अरे वा. पंकजाने मैत्रेयीला छान मदत केली हं."

मदत.

मापं पंकजाची. आकडे तिचे. गुडघे तिचे सोललेले. आणि मदत?

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ती मैत्रेयीसाठी आकडे उतरवून द्यायला बसली. खरे, खरे, खरे. शेवटच्या आकड्यापाशी तिचं पेन थांबलं.

डावा हात कागदावर पसरलेला होता. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत... एक वीत.

तिने वीतभर कमी केलं. पाच फूट तीन इंचांतून नऊ इंच गेले. चार फूट सहा इंच.

का वीतभरच? मी विचारलं तिला. ती म्हणाली, "माहीत नाही. हात समोर होता."

मंगळवारी मैत्रेयी तिला पाण्याच्या टाकीपाशी भेटली.

"पंकू, दार मधोमध येतंय गं. नवाचं निम्मं साडेचार. बरोबर आहे ना माप?"

हे पंकजाच्या लक्षातच आलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी मोजलंय ना? विश्वास नसेल तर जा, तूच मोज."

"चिडतेस काय? विचारलं फक्त."

आणि मैत्रेयीने विश्वास ठेवला.

बुधवारी मॅडमनी सगळे चार्ट फळ्याखाली लावले. पंकजाचा तिच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला चार्ट होता. मैत्रेयीच्या चार्टवर दार बरोब्बर मध्यात होतं. नंदी, दार, पिंडी एका रेषेत. दार सरकलेलं आहे हे काय डोळ्यांना दिसतंच, म्हणून तिने आजचं दार बाजूला तुटक रेघेने दाखवलं होतं.

पंकजा हसू दाबून वाट बघत होती. मॅडम आता म्हणतील, हे काय गं, सांगवीचा नंदी माहीत नाही तुला?

मॅडम त्या तुटक रेघेवरून बोट फिरवत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मी विषय काय दिला होता? मूळ आराखडा. आजचं देऊळ तर सगळ्यांनीच काढलं. बांधणाऱ्याच्या मनातलं देऊळ एकटीने काढलंय."

"मॅडम, पंकजाने दिलेल्या मापांनीच काढलंय मी," मैत्रेयी म्हणाली.

"बघा, मोठेपणा बघा," मॅडम म्हणाल्या.

मैत्रेयी नगरला जाणार होती.

पंकजाच्या खोट्यावर.

आणि पंकजाला बोलताही येईना. आकडा माझा, म्हणायचं तर आधी म्हणावं लागणार, मी तो खोटा दिला.

ती रात्रभर जळत होती. सकाळपर्यंत तिने ठरवलं. देवळात जायचं, खरं माप मोबाईलवर फोटो काढून आणायचं आणि मॅडमना सांगायचं, मी हिला पाच-तीनच दिलं होतं, हिने चार्टवर उतरवताना चुकवलं आणि तुम्ही चुकीला हुशारी समजलात.

गुरुवारी मधल्या सुट्टीत टेप दप्तरात टाकून ती देवळात शिरली.

एकटी.

कुणाला नेणार होती? हे काम दुसऱ्याला दाखवण्यासारखं नव्हतंच.

बाहेर लख्ख ऊन. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर, त्यावर कर्कश गाणं. मंडपात पारवे घुमत होते. आत पिंडीवर तांब्याच्या भांड्यातून पाणी ठिबकत होतं.

टप्... टप्... टप्...

अंतराळात नेहमीचाच अंधार. तिने टेपचं टोक दक्षिणेच्या भिंतीशी ठेवलं. वर एक विटेचा तुकडा ठेवला. मग डबी घेऊन दारापाशी आली. मैत्रेयीची खडूची फुली उंबऱ्यावर तशीच होती.

ती खाली बसली. टेप फरशीवर सैल पडलेला होता, वळणं घेत.

आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं...

"धरलं का?"

स्वतःचंच तिला हसू आलं.

मग तिच्या लक्षात आलं...

पारवे गप्प झालेत.

ट्रॅक्टरचं गाणं नाही.

टप्...

पुढचा थेंब आलाच नाही.

ती थांबून राहिली. थेंबाची वाट बघत. आला नाही.

आणि भिंतीकडून आवाज आला...

"धरलं."

मोठा नाही, भयानक नाही. कामात असलेल्या माणसाने मान वर न करता म्हणावं, तसा.

टेप फरशीवरून उचलला गेला.

सावकाश. एकेक वळण सुटत. मग ताठ. एकदम ताठ. तिच्या हातातली डबी थरथरायला लागली.

तिने भिंतीकडे बघितलं नाही. शप्पथ घेऊन सांगते ती, एकदाही नाही. तिने खाली बघितलं. फुलीकडे. फुलीवर टेपचा आकडा होता...

चार फूट सहा इंच.

तिचा आकडा. तिने बसून, स्वतःच्या हाताने खोटा केलेला. तो खोटा आहे हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

तिच्या अंगठ्याने मोबाईलवर फोटो कधी काढला, तिला आठवत नाही. पण काढला. तो मी बघितलाय.

मग ती कशीबशी म्हणाली,

"सोड."

टेप सुटला नाही.

"सोड ना..."

पलीकडून टेपला हलका झटका बसला. दोरी सरळ करताना गवंडी देतात तसा. एकदा. मग अजून एकदा. जवळ ये, असं म्हणणारा नव्हता तो. नीट धर, म्हणणारा होता.

"सोड!"

तिने डबीच टाकून दिली. डबी फरशीवर घासत अंधारात गेली. खर्रर्र... आणि थांबली.

पंकजा पळाली. मंडपात नंदीला वळसा घालताना अडखळली, गर्रकन फिरली आणि त्याच्या पाठीवर पडता पडता दोन्ही हातांनी मागून शिंगं धरली.

चेहरा गाभाऱ्याकडे. नजर आत.

शिंगांच्या मधून तिला पिंडी दिसली.

पूर्ण. मधोमध. वर सकाळचं बेलाचं पान. चौकट नाही, दगड नाही, आडवं काहीच नाही. जसं असायला हवं होतं, तसं देऊळ.

ती म्हणते, एक क्षणभर तिला भीती वाटली नाही. इतकं ते सुंदर होतं.

मग टप् असा आवाज झाला. पारवे एकदम उडाले. ट्रॅक्टरचं गाणं कानात घुसलं. तिने पुन्हा बघितलं तेव्हा समोर काळी चौकट होती. नेहमीची.

बाहेर पायरीवर कडूबाई वाती वळत बसली होती.

"एकटीच गेल्तीस."

तिने विचारलं नाही. सांगितलं.

कडूबाईने तिला शेजारी बसवलं. तांब्या पुढे केला.

"पोटात दुखत हुतं का काय, पोरी?"

"नाही आजी."

"न्हाई कसं. पोटात दुखल्याबिगर कुनी एकटं माप घ्याया येत न्हाई."

मग ती वातींवरची नजर न काढता सांगत गेली. तिच्या सासूने तिला सांगितलेलं.

"दोन कारागीर हुते. एका गुरूचे. बांधायच्या आदी सूत धरत्यात, मधली रेग आखाया. एक टोक भाईर नंदीपाशी, एक आत. भाईरचा हुशार. नाव त्येचं व्हनार हुतं. आतल्याच्या पोटात दुखलं. त्यानं टोक सरकावलं."

"किती?"

कडूबाईने वात ठेवली. पंजा पसरला. अंगठा ते करंगळी.

"वीतभर."

पंकजाने आपले हात मांडीखाली दाबले.

"दगडं चढल्यावर समजलं. भाईरच्याला लोकांनी लई बोल लावला. त्यो गेला निघून. कुटं गेला, कुनाला ठावं न्हाई."

"आणि आतला?"

"त्यो कुटं जानार? त्याला 'सोड' म्हनाया कुनी ऱ्हायलंच न्हाई."

"मी म्हटलं, आजी. तीनदा म्हटलं, सोड."

कडूबाईने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"आन् तू? तू सोडलंस का?"

पंकजा उठली आणि शाळेकडे निघाली.

टेप कडूबाईने दुसऱ्या दिवशी सकाळी आणून दिला. व्यवस्थित गुंडाळलेला. फक्त उलटा. आकडे आतल्या बाजूला आणि शेवटचं टोक वर. तो तसा गुंडाळायला आधी सगळा बाहेर काढून डबी उघडावी लागते. डबीचा स्क्रू गंजून बसलेला होता. पीटीच्या सरांना पाना लावूनही फिरवता आला नाही.

मॅडमना पंकजाने काहीच सांगितलं नाही. मैत्रेयीलाही नाही. मैत्रेयी नगरला गेली, दुसरा नंबर घेऊन आली. चार्टच्या खाली कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं : मापे, पंकजा. पंकजाने ते वाचलं आणि तिला आनंद झाला नाही. अजूनच आग झाली. हे तिनेच मला सांगितलं म्हणून लिहितेय.

आता तुम्ही म्हणाल, निकिता, तुला हे सगळं तिने सांगितलं कधी आणि का?

मे महिन्यात ती आमच्याकडे संगमनेरला आली होती. माझी दहावी झाली म्हणून मला स्वतंत्र खोली मिळाली होती. मी तर हवेतच होते. हे बघ टेबल, हा बघ आरसा, ही बघ माझी खिडकी. पंकजा दारात उभी राहून सगळं बघत होती. तिच्या घरी ती, आई आणि दोघी लहान बहिणी एकाच खोलीत झोपतात.

"छान आहे," ती म्हणाली. एवढंच.

पडदा शिवायचा होता. मी स्टुलावर चढून आईचा शिवणाचा टेप घेतला, वरून आकडा वाचायला. ती खाली बसली.

"धरलं का गं?"

तिने टोक खिडकीच्या खालच्या कडेला टेकवलं.

"...धरलं."

चार दिवसांनी पडदा शिवून आला. लावला. तोकडा.

आई म्हणाली, "अगं, मोजताना झोपल्या होतात का दोघी?" मी गंमत म्हणून हात लावून बघितला. पडद्याची खालची कड ते खिडकीची खालची कड...

बरोब्बर वीतभर.

मी हसत गच्चीवर गेले. "काय हो मॅडम, टेप कसा धरला होतात?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने ही सगळी गोष्ट सांगितली. फोटो दाखवला. फोटोत अंधार आहे, उंबऱ्यावरची फुली आहे, चार फूट सहा इंच आहे. आणि टेप फरशीवर नाही. हवेत आहे. ताठ. पलीकडे काही दिसत नाही.

शेवटी ती म्हणाली, "निके, खिडकीपाशी मी नीट धरलं होतं गं. खरंच."

मग फोन उलटा ठेवत...

"पण मला वाटतं, मी एकटीने नव्हतं धरलं."

पडदा अजून तसाच आहे. आई म्हणते खाली पट्टी जोडू. मी टाळते. जोडायची म्हणजे माप घ्यावं लागेल. रोज दुपारी साडेबाराला त्या फटीतून वीतभर ऊन आत येतं आणि मी त्या वेळी खोलीत थांबत नाही.

एवढंच सांगायचं होतं. पण काल पंकजाचा फोन आला. या वर्षी तिचा चार्ट निवडला गेलाय. थेट पुण्याला जातेय ती, तीन दिवस, मैत्रिणींबरोबर. मी कधीच कुठे निवडले गेले नाही.

"अभिनंदन," मी म्हटलं. फोन ठेवला.

पोटात कुठेतरी दुखलं.

थोडंसंच.

टेबलाच्या खणात आईचा टेप आहे. काल रात्रीपासून मी तो खण उघडलेला नाही.